पातळ पुस्तकांचा संग्रह

आमच्या घरात एकच लोखंडी कपाट आहे. वरच्या फळ्यांवर बायकोच्या साड्या, घराचे कागद, बँकेची पासबुकं. खालच्या दोन फळ्या माधुरी पुरंदरे यांच्या पुस्तकांच्या. पाहुणे येतात, कपाट उघडं दिसलं की हमखास विचारतात, “लेकरं तर कॉलेजला गेली की तुमची. ही बारक्यांची पुस्तकं अजून कशाला ठेवली?” उत्तर लांबत जातं, म्हणून मी एखादं पुस्तक काढून त्यांच्या हातात देतो. चहा होईपर्यंत बहुतेक जण ते वाचून संपवतात आणि दुसरं मागतात.

मी एसटीच्या आष्टी आगारात वाहक आहे. पुण्याची मुक्कामी गाडी बरीच वर्षं माझ्याकडे होती. आष्टी, कडा, चिचोंडी पाटील, नगर, शिरूर, पुणे. गाव आमचं बीड जिल्ह्यातलं, पण व्यवहार सगळा नगरकडे, आणि नगरच्या पुढे पुण्याकडे. संग्रहही त्याच रस्त्यानं जमत आला. संग्रह म्हटलं की लोकांना जुनी नाणी, पोस्टाची तिकिटं, घड्याळं आठवतात. एकाच लेखिकेची, तिनंच लिहिलेली आणि तिनंच चितारलेली लहान मुलांची पुस्तकं कुणी जमवत असेल, हे पटकन ध्यानात येत नाही. पण घरातून, शाळेतून, वाचनालयातून सगळ्यांत आधी नाहीशी होतात ती हीच पुस्तकं. जाडजूड कादंबरी फळीवर पन्नास वर्षं बसून राहते. चित्रपुस्तक पोरांच्या हातात जातं, फाटतं, आणि दिवाळीच्या साफसफाईत रद्दीच्या गठ्ठ्यात निघून जातं. ज्या पुस्तकानं एखाद्याला वाचायला लावलं, तेच मोठेपणी त्याच्याजवळ नसतं.

माधुरी पुरंदरे यांचा जन्म १९५२चा, पुण्यातला. वडील शिवशाहीर बाबासाहेब पुरंदरे. हे सांगितलं की मोठ्या माणसांना ओळख लगेच पटते. मला मात्र त्यांच्या आईचं, निर्मलाताईंचं काम जास्त जवळचं वाटतं. निर्मलाताईंनी ‘वनस्थळी’ ही संस्था काढली आणि खेड्यापाड्यांतल्या बायकांना बालवाडी चालवायला शिकवलं. गावातल्या मुलाला पहिलीच्या आधी काय हवं असतं, याचा विचार त्या घरात रोजचा होता. माधुरीताई मुंबईच्या सर जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये चित्रकला शिकल्या, पुढे फ्रान्सला जाऊन शिकल्या, पुण्यात त्यांनी फ्रेंच शिकवलं. सॅम्युएल बेकेटचं ‘वेटिंग फॉर गोदो’ त्यांनी मराठीत आणलं, पिकासोवर पुस्तक लिहिलं. गायिका म्हणूनही लोक त्यांना ओळखतात. इतकं सगळं येणारी बाई तीन-चार वर्षांच्या मुलासाठी लिहायला बसते आणि तितक्याच गांभीर्यानं बसते, याचं मला फार अप्रूप आहे. आपल्याकडे लहान मुलांसाठी लिहिणं हे बऱ्याच जणांना उरलेल्या वेळातलं काम वाटतं.

मला या पुस्तकांची ओळख करून दिली ती कड्याला चढलेल्या एका शिक्षिकेनं. जिल्हा परिषदेच्या शाळेसाठी त्या पुस्तकांचा पुडा घेऊन निघाल्या होत्या. रस्त्यात गाडीचं चाक बसलं. चालक जॅक लावून चाक बदलेपर्यंत प्रवासी लिंबाच्या सावलीत उभे होते. बाईंनी पुडा सोडून एकेक पुस्तक चाळायला घेतलं आणि एक माझ्याकडे दिलं, “बघा मास्तर, तुमच्या घरी लेकरू आहे ना लहान?” ते ‘राधाचं घर’ या संचातलं होतं. राधा नावाची चिमुरडी आपल्या घरातल्या एकेका माणसाची ओळख करून देते. आई, बाबा, आजी, आजोबा, काका, ज्याचं त्याचं वेगळं पुस्तक. मी ते उभ्यानं वाचलं आणि परत पहिल्या पानापासून नुसती चित्रं बघितली. दुसऱ्या वेळी मला निराळंच पुस्तक दिसलं.

हे निराळं दिसणं म्हणजे काय, ते जरा सविस्तर सांगतो, कारण चित्रपुस्तक जमवण्यालायक का असतं हे तिथंच कळतं. आपल्या लहानपणी पुस्तकात चित्र असायचं ते मजकुराच्या सोबतीला. राजा शिकारीला गेला असं लिहिलेलं, तर वर घोड्यावरचा राजा. ते चित्र काढून टाकलं तरी गोष्टीचं काही अडत नसे. चित्रपुस्तकात तसं चालत नाही. त्यात लिहिणारा काही गोष्टी मुद्दाम लिहीत नाही, त्या चित्रावर सोपवतो. समजा, मजकुरात मूल म्हणतं की मी मुळीच घाबरलो नव्हतो, आणि चित्रात त्यानं आजीच्या पदराचं टोक मुठीत गच्च धरलेलं आहे. घाबरल्याचं कुठंही लिहिलेलं नाही, पण ज्याला अक्षर येत नाही त्या पोरालाही ते कळतं. मोठा माणूस मजकूर वाचून पान उलटायला बघतो, पोर मात्र त्याचा हात धरून ठेवतं, कारण त्याचं वाचून झालेलं नसतं. लिहिणारा आणि काढणारा हात एकच असला की काय लिहायचं नाही हे त्याला आधीच ठाऊक असतं. माधुरीताईंच्या पुस्तकांत हे पानोपानी सापडतं.

दुसरी गोष्ट त्यांच्या माणसांची. मी दिवसभर गाडीच्या बोळीतून पुढे-मागे करतो. माणसं बसतात कशी, पिशवी मांडीवर कशी घेतात, उतरायचं ठिकाण आलं की कुणाचा पाय आधी हलतो, हे बघून बघून मला पाठ झालंय. माधुरीताईंच्या चित्रांत तीच माणसं भेटतात. पोट सुटलेली, टक्कल पडलेली, चष्मा नाकावर घसरलेली. बायका साडीत असोत नाहीतर पंजाबी ड्रेसमध्ये, त्या काहीतरी काम करत असतात, चित्रासाठी उभ्या राहिलेल्या नसतात. खोलीत पसारा असतो, दोरीवर कपडे असतात. मुलं गोरीगोमटी, गुबगुबीत, कुरळ्या केसांची नसतात. आमच्या लहानपणी पुस्तकातलं मूल हे बाहुलीसारखं असायचं आणि ते आपल्या गल्लीत कधी दिसायचं नाही. या पुस्तकांतलं मूल माझ्या गाडीत खिडकीशी बसून ओरडणारं आहे.

विषयही तसेच. यश नावाच्या मुलाच्या गोष्टींची नावंच बघा. ‘कंटाळा’, ‘हात मोडला’, ‘मोठी शाळा’, ‘मामाच्या गावाला’. यात राक्षस नाही, राजपुत्र नाही. लहान मुलाच्या आयुष्यात खरोखर जे मोठं असतं तेच आहे. हात मोडणं ही मोठ्या माणसासाठी दवाखान्याची फेरी असते, पाच वर्षांच्या पोरासाठी ती त्या सालातली सगळ्यांत मोठी घडामोड असते. आणि शेवटी कुणी त्याला समोर बसवून शहाणपण शिकवत नाही. माझ्या मते मराठी बालसाहित्यावर माधुरीताईंचे सगळ्यांत मोठे उपकार हेच आहेत. ‘तात्पर्य’ हा शब्द त्यांनी मुलांच्या पाठीवरून उतरवला.

‘चित्रवाचन’ हे पुस्तक मी सगळ्यांत जास्त वेळा हातात घेतलं असेल. त्यात गोष्ट अशी लिहिलेलीच नाही. मोठी, माणसांनी आणि हालचालींनी भरलेली चित्रं बघायची आणि मुलानं आपल्याला जे दिसतं ते बोलायचं. माझी मुलगी त्या वयाची होती तेव्हा रात्री तेच मागायची. एकेका चित्रावर जेवण निवून जायचं. मुलाला बोलतं करायला एवढं चांगलं साधन मी दुसरं पाहिलेलं नाही. ज्या घरात वाचून दाखवणारं कुणी नाही त्या घरातही ते चालतं, कारण निरक्षर आजीसुद्धा ते नातवासोबत वाचू शकते. थोड्या मोठ्या मुलांसाठी ‘वाचू आनंदे’ आहे, बालगटाचे दोन आणि कुमारगटाचे दोन भाग. मराठीतले निवडक उतारे आणि कविता त्यात चित्रांसह आहेत. ‘लिहावे नेटके’ हा संच मराठी नीट लिहायला शिकवतो. ‘पाचवी गल्ली’, ‘सिल्व्हर स्टार’, ‘शाम्याची गंमत’, ‘लालू बोक्याच्या गोष्टी’, ‘किकीनाक’ ही वाचता येऊ लागलेल्या मुलांची पुस्तकं. अनुवाद वेगळेच. ‘हॅनाची सूटकेस’ आणि ‘झाडं लावणारा माणूस’ ही दोन तर मोठ्यांनी आपल्यासाठी घ्यावीत. माझा मुलगा ‘हॅनाची सूटकेस’ वाचून दोन दिवस गप्प होता.

२०१४ साली साहित्य अकादमीचा बालसाहित्य पुरस्कार त्यांना मिळाला, तो एका पुस्तकासाठी नव्हता, एकूण कामासाठी होता. २०१६ साली टाटा ट्रस्ट्सचा ‘बिग लिटल बुक’ पुरस्कार सुरू झाला आणि त्याचा लेखनासाठीचा पहिला मान मराठीकडे आला, माधुरीताईंमुळे. त्या दिवशी मी कुणाला काही बोललो नाही, पण नगरहून येताना पेढे घेतले होते.

आता संग्रहाच्या कामाकडे येतो. छापखान्यात मोठा कागद छापून घडी घालतात, त्या घडीला फर्मा म्हणतात. एका फर्म्यात आठ किंवा सोळा पानं बसतात. म्हणून चित्रपुस्तकं सोळा, चोवीस, बत्तीस पानांची असतात. जगभर बहुतेक चित्रपुस्तकं बत्तीस पानांची का, याचं उत्तर साहित्यात नाही, कागदाच्या घडीत आहे. एवढ्या पातळ पुस्तकाला शिवण घालत नाहीत. मधोमध दोन पिना मारतात. त्यामुळे त्याला पाठ नसते, कणा नसतो. फळीवर उभं ठेवलं तर बाहेरून नाव दिसत नाही. वाचनालयात ते दोन जाड पुस्तकांच्या मध्ये सरकतं आणि वर्षानुवर्षं सापडत नाही. पिना गंजतात, गंज कागदाला खातो आणि मधलं पान निघून येतं. मधलं पान गेलं की गोष्टीचं पोट गेलं.

संच फुटतो, ही दुसरी अडचण. पाच-सहा पुस्तकांचा संच शाळेत जातो, वर्षभरात त्यातलं एक कुणाच्या तरी दप्तरातून घरी जातं ते येतच नाही. जुन्या बाजारात म्हणूनच पूर्ण संच क्वचित दिसतो, सुटी पुस्तकं दिसतात. मी सुटीच घेत गेलो आणि घरी जोडत गेलो. नवी पुस्तकं मिळवायला त्रास नाही. माधुरीताईंची बरीचशी पुस्तकं ज्योत्स्ना प्रकाशनानं काढलेली आहेत, त्यांचं पुण्यातलं ठिकाण शनिवार पेठेत. शिवाजीनगरचं स्टँड जुन्या जागी होतं तेव्हा मी गाडी लावून नव्या पुलावरून चालत शनिवारवाड्यापर्यंत यायचो आणि तिथून पेठेत, मग अप्पा बळवंत चौकात. मेट्रोच्या कामासाठी स्टँड वाकडेवाडीला गेल्यापासून चालणं वाढलं, फेऱ्या कमी झाल्या. आष्टीत मात्र अजून पंचाईतच आहे. २३ सप्टेंबर २०२२ला न्यू आष्टी ते नगर ही ६६ किलोमीटरची रेल्वे सुरू झाली, १७ सप्टेंबर २०२५ला ती बीडपर्यंत पोचली. एवढं सगळं आलं, पण बाजारात चित्रपुस्तक मागितलं तर रंगवायची वही पुढे येते. दुकानदाराचा दोष नाही, मागणारंच कुणी नसतं. वह्या, गाइड आणि प्रश्नसंच विकून त्याचं घर चालतं.

जुनी प्रत हातात आली की मी आधी चित्रं बघत नाही, आवृत्तीचं पान बघतो. तिथं पहिली आवृत्ती कधीची, पुनर्मुद्रण कितवं, मुद्रक कोण, किंमत किती, हे छापलेलं असतं. पुस्तकाचा आयएसबीएन क्रमांक दहा आकडी असेल तर ते बहुधा २००७च्या आधी छापलेलं, कारण १ जानेवारी २००७पासून तो जगभर तेरा आकडी झाला. किमतीवर नव्या किमतीची चिकटपट्टी लावलेली असेल तर मी ती काढत नाही. पुस्तक किती वर्षं दुकानात पडून होतं ते तीच सांगते. वेगवेगळ्या छपाईत रंग बदलतात हेही जमवू लागल्यावर कळलं. एका प्रतीत भिंत पिवळसर, दुसरीत तीच भिंत जरा हिरवट. चित्रकारानं एकच रंग दिला होता, फरक छपाईच्या शाईचा. म्हणून एकाच पुस्तकाच्या दोन छपाया मी दोन्ही ठेवतो आणि घरच्यांना ते पटवून द्यायला दर वेळी नव्यानं बोलावं लागतं.

पहिल्या पानावर कुण्या मुलाचं वेडंवाकडं नाव लिहिलेलं असेल तर ती प्रत मला जास्त आवडते. इंग्रजी पुस्तकांचे मोठे संग्राहक कोरी, न हाताळलेली प्रत मागतात, तिला भाव जास्त. मला ते कधी पटलं नाही. लहान मुलाचं पुस्तक कोरं राहिलं म्हणजे ते ज्याच्यासाठी केलं त्याच्यापर्यंत पोचलंच नाही. शाळेचा शिक्का असलेली प्रत मात्र मी कधीच ठेवत नाही. रद्दीच्या दुकानात अशी एक मिळाली होती, शिक्क्यावर आमच्याच तालुक्यातलं गाव होतं. दुकानदाराला पैसे दिले आणि पुढच्या रजेला ती शाळेत नेऊन दिली. संग्रह करणाऱ्यानं एवढं पथ्य पाळलंच पाहिजे.

सांभाळायचं कसं, हे मला बरेच जण विचारतात. पारदर्शक चिकटपट्टी कधीच लावू नका, दोन-चार वर्षांत ती पिवळी पडते आणि खालचा रंग घेऊन निघते. गंजलेल्या पिना बोथट सुरीनं अलगद वर करून काढाव्यात आणि त्याच भोकांतून सुती दोरा ओवून गाठ मारावी. बहुतेक रंगीत पुस्तकांचा कागद गुळगुळीत, आर्ट पेपरचा असतो. तो भिजला तर पानं एकमेकांना कायमची चिकटतात, म्हणून पावसाळ्यात पानांमध्ये बटर पेपर घालावा. आष्टीची हवा कोरडी, आमच्याकडे ओलीपेक्षा धूळ आणि ऊन वैरी. उन्हात ठेवलेल्या मुखपृष्ठावरचा लाल रंग आधी उडतो. प्लॅस्टिकच्या पिशवीत बंद करू नये, कागदाला हवा लागते. कसर लागू नये म्हणून आमच्या आईनं सांगितलेला वाळलेला कडुलिंबाचा पाला मी सुती पुरचुंडीत बांधून कोपऱ्यात ठेवतो. कपाटात पुस्तकं आडवी ठेवावीत, फार उंच चळत करू नये.

माझ्या लहानपणी आमच्या शाळेत चित्रांची म्हणावीत अशी पुस्तकं फार थोडी. ‘किशोर’ मासिक यायचं, बालभारतीचं, ते १९७१च्या नोव्हेंबरपासून निघतंय. आणि गुरुजींच्या टेबलाच्या खणात मॉस्कोत छापलेली एक-दोन मराठी पुस्तकं होती, ‘रादुगा’ प्रकाशनाची. अनिल हवालदार यांच्यासारखे अनुवादक तिकडे राहून रशियन पुस्तकं मराठीत करायचे, मुंबईचं लोकवाङ्मय गृह ती इकडे विकायचं. जाड कागद, भरगच्च रंग आणि किंमत अगदी थोडी. बर्फ, अस्वल, लाकडी घरं. आम्ही ती चित्रं अधाशासारखी बघायचो. १९९१ला सोव्हिएत संघ मोडला आणि ती पुस्तकं यायची थांबली. त्या वयात मला एक गोष्ट मात्र कळली नव्हती. बर्फातली झोपडी बघून मी हरखायचो, पण धाब्याचं घर, कडब्याची गंजी, पाण्याच्या टँकरपुढची घागरींची रांग असं आमचं काही कधी रंगीत चित्रात बघितलेलं नव्हतं. आपलं घर काढण्यासारखं असतं, हे मला तिशी उलटल्यावर राधाच्या घरानं दाखवलं. राधाचं घर शहरातलं, आमच्यापेक्षा वेगळं. तरी तिथली माणसं ओळखीची होती.

परदेशात या पुस्तकांना काय मान आहे ते वाचलं की हेवा वाटतो. इंग्लंडच्या बिअॅट्रिक्स पॉटर यांनी ‘पीटर रॅबिट’च्या २५० प्रती १९०१च्या डिसेंबरमध्ये स्वतःच्या खर्चानं छापून घेतल्या होत्या. पुढच्याच वर्षी प्रकाशकानं रंगीत आवृत्ती काढली आणि ती जगभर गेली. त्या २५०मधली एखादी प्रत आली तर आजही लिलावात बोली लागते. जपानमध्ये चिहिरो इवासाकी या चित्रकर्तीच्या टोकियोतल्या राहत्या घराच्या जागी १९७७ साली चित्रपुस्तकांच्या चित्रांचं संग्रहालय झालं. अमेरिकेत एरिक कार्ल यांचं २००२ साली झालं. तिथं पुस्तकं तर असतातच, पण ज्या कागदावर चित्रकारानं स्वतःच्या हातानं रंग लावला तो मूळ कागद भिंतीवर लावलेला असतो. मुलं येऊन ब्रशचा फटकारा जवळून बघतात. छापलेल्या पुस्तकाच्या हजारो प्रती निघतात, मूळ चित्र एकच असतं. महाराष्ट्रातल्या चित्रपुस्तकांच्या मूळ चित्रांना असं एक घर मिळावं, सरकारनं द्यावं नाहीतर कुणा दानशूरानं द्यावं, हे माझं मनापासूनचं मागणं आहे. गाड्या भरून शाळेच्या सहली गडांवर जातात, तशा तिथंही जातील. मी स्वतः तिकिटं फाडीन.

आष्टी तालुक्यात या पुस्तकांचं काय होतं, ते सांगायलाच हवं. दसरा-दिवाळी झाली की आमच्याकडची घरं रिकामी होतात. मुकादमाकडून आगाऊ पैशांची उचल घेतलेली असते, नवरा-बायकोची जोडी मिळून एक कोयता धरतात, आणि ट्रॅक्टरमध्ये संसार भरून माणसं पश्चिम महाराष्ट्रात आणि कर्नाटकात ऊसतोडीला जातात. परत येतात ते उन्हाळा लागल्यावर. काही लेकरं आईबापांसोबत उसाच्या फडात कोपीवर, म्हणजे पाचटाच्या झोपडीत राहतात, काही आजी-आजोबांजवळ किंवा शाळेच्या हंगामी वसतिगृहात मागे राहतात. अशा मागे राहिलेल्या लेकरांच्या एका वस्तीवरच्या शाळेत मी रजेच्या दिवशी पिशवीभर पुस्तकं घेऊन जातो. शिकवत नाही, मला ते येत नाही. पुस्तकं सतरंजीवर पसरतो आणि बसतो.

पहिल्यांदा मला धास्ती होती. जिथं आई सहा महिने घरात नाही, तिथं ‘आई’ नावाचं पुस्तक ठेवायचं का? शाळेतल्या बाई म्हणाल्या, “ठेवा. लेकरं ठरवतील.” लेकरांनी ठरवलं. एका पोरीनं राधाच्या संचातलं ‘आजी’ उचललं आणि ते तिनं हंगामभर सोडलं नाही. राधाची आजी आणि तिची आजी दोघीही घर सांभाळणाऱ्या, एवढं तिला पुरलं. ‘आई’ तिनं मार्चमध्ये मागितलं. आईबाप येणार असल्याचा फोन त्या आठवड्यात आला होता, हे मला नंतर कळलं. एक पोरगा ‘हात मोडला’ वाचून दाखवताना मजकूर सोडून आपल्याच भावाची गोष्ट सांगायला लागला, ट्रॅक्टरवरून पडून हात मोडला त्याची. आम्ही सगळ्यांनी ती पूर्ण ऐकली. पुस्तक उघडंच होतं.

तिथून आल्यावर मी संग्रहाचा नियम बदलला. आता शक्य तिथं दोन प्रती घेतो, एक कपाटाची, एक वस्तीची. वस्तीवरची फाटते, शाई सांडते, एखादी कोपीवर जाते आणि उसाच्या फडात राहते. जाऊ दे. तिच्या जागी दुसरी जाते. कपाटातली प्रत मात्र बाहेर जात नाही. कधी हीच पुस्तकं छापायची बंद झाली, तर ती कशी होती हे दाखवायला कुठंतरी धड प्रत असावी, म्हणून.

अलीकडे माधुरीताईंच्या पुस्तकांची इतर भाषांतली भाषांतरंही जमवतो. ‘बाबांच्या मिशा’ ही अनू नावाच्या मुलीची आणि तिच्या बाबांच्या मिशांची गोष्ट. ‘प्रथम बुक्स’नं ती काढली, इतर भाषांतही नेली, आणि त्यांच्या ‘स्टोरीवीव्हर’वर फोनवर फुकट वाचता येते. वस्तीवर मी तीच गोष्ट मराठीत आणि इंग्रजीत शेजारी शेजारी ठेवतो. चित्रं तीच, म्हणून पोरं इंग्रजी पान न घाबरता उलटतात.

माझा संग्रह पुरा झालेला नाही. ‘राधाचं घर’ची सगळी पुस्तकं मला पहिल्या छपाईची हवी आहेत, ती अजून जुळलेली नाहीत. ‘चित्रवाचन’ची जुनी प्रत आहे, पण मुखपृष्ठाशिवाय. तुमच्या घरी माळ्यावर, शाळेच्या कपाटात, बंद पडलेल्या बालवाडीच्या पेटीत माधुरीताईंची पातळ पुस्तकं असतील तर रद्दीला घालण्याआधी एवढं करा. आवृत्तीचं पान शोधा, त्याचा फोनवर फोटो काढून ठेवा. पिना गंजल्या असतील तर काढून दोरा घाला. मधलं पान जागेवर आहे का बघा. आणि घरात सांभाळायला कुणी नसेल तर जवळच्या अंगणवाडीत नेऊन द्या. देताना बाईंना सांगा, पुस्तकं कुलपात ठेवू नका, खालच्या फळीवर ठेवा, लेकरांचा हात पोचेल अशी.